नकाराचे शास्त्र : सर पीटर मेडावर

अवयवरोपणाचा इतिहास सांगताना शल्यविशारदांची नावे आधी येतात, आणि ते स्वाभाविकच आहे. एकाच्या देहातील मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुस काढून दुसऱ्याच्या देहात बसवणे ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. तिचे छायाचित्र वृत्तपत्रात छापता येते. परंतु या इतिहासाच्या पायाशी जी व्यक्ती उभी आहे ती शल्यविशारद नव्हती, इतकेच काय, डॉक्टरही नव्हती. ती होती प्राणिशास्त्राचा एक पदवीधर. त्यांचे नाव पीटर ब्रायन मेडावर.

या अंकासाठी त्यांचे चरित्र निवडण्याचे कारण सरळ आहे. मी प्राणिशास्त्र शिकवतो. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात असे कितीतरी चेहरे माझ्यासमोर बसतात, की ज्यांना वैद्यकीय महाविद्यालयात जायचे होते आणि थोडक्या गुणांनी ते राहून गेले. आपली मेल गाडी चुकली आणि नाइलाजाने पॅसेंजरमध्ये बसावे लागले, असा भाव त्या चेहऱ्यांवर असतो. पहिली घटक चाचणी होईपर्यंत तो जात नाही. अशा वेळी मी अभ्यासक्रम थोडा बाजूला ठेवतो आणि मेडावरांची हकीकत सांगतो. केवळ समजूत घालावी हा त्यातला हेतू नाही. डॉक्टरांना जे कोडे पन्नास वर्षे सुटले नव्हते ते प्राणिशास्त्राच्या प्रश्नांनी कसे सुटले, हे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे असे मला मनापासून वाटते.

मेडावरांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझीलमधील रिओ द जानेरोजवळच्या पेट्रोपोलिस या गावी झाला. वडील मूळचे लेबनॉनचे, आई इंग्रज. वडिलांचा दंतवैद्यांना लागणाऱ्या साहित्याचा व्यापार होता. पहिले महायुद्ध संपताना कुटुंब इंग्लंडला आले आणि मुलाचे शिक्षण तेथल्या निवासी शाळांतून झाले. मार्लबरो येथील शाळा त्यांना कधीच आवडली नाही. परदेशी वळणाचे नाव, परदेशी वळणाचा चेहरा, यामुळे काय सोसावे लागते ते त्यांना तेथे कळले. तथापि त्याच शाळेत लाउंड्स नावाचे जीवशास्त्राचे शिक्षक होते आणि त्यांनी या मुलाला विषयाची गोडी लावली. १९३२ साली मेडावर ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात दाखल झाले आणि १९३५ साली प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. पुढे पेनिसिलिनसाठी प्रसिद्धी पावलेले हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतींच्या वाढीवर संशोधन सुरू केले. १९३७ साली जीन टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. साडेसहा फुटांच्या जवळपास उंची, क्रिकेटची आवड आणि संगीतिकांचे वेड असा हा तरुण पुढे आयुष्यभर कशाच्या मागे लागणार, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते.

ते ठरले १९४० च्या उन्हाळ्यात. महायुद्ध पेटलेले होते. ऑक्सफर्डमध्ये मेडावरांच्या घराजवळच एक विमान कोसळले. त्यातला वैमानिक जिवंत राहिला, पण शरीराचा अर्ध्याहून अधिक भाग भाजला होता. भाजलेल्या जागेवर घालायला त्वचा आणायची कोठून, हा डॉक्टरांपुढचा प्रश्न होता. रोग्याची स्वतःची निरोगी त्वचा फारच थोडी उरलेली. म्हणून एका डॉक्टरांनी या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला विचारले, की तुम्ही ऊती वाढवता, तर तुमच्या शास्त्राचा येथे काही उपयोग होईल का? मेडावरांनी आधी थोड्याशा त्वचेतून पुष्कळ त्वचा कशी करता येईल याचे प्रयत्न केले. ते फारसे साधले नाहीत. मग त्यांचे लक्ष दुसऱ्याच प्रश्नाकडे गेले. शेजारी उभ्या असलेल्या धडधाकट माणसाची त्वचा या रोग्याला का चालू नये?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. स्वतःची त्वचा स्वतःला लावण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक पुन्हा घडवण्याची रीत दिलेली आहे. इंग्रजांच्या सैन्यातला कावसजी नावाचा एक गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिराने त्याच्याच कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली आणि युरोपातील शल्यविशारदांनी ती विद्या उचलली. पण या सर्व उदाहरणांत त्वचा त्याच माणसाची आहे. परक्याची त्वचा लावली की काही दिवस ती गुलाबी, टवटवीत दिसते आणि मग काळी पडून गळून जाते. आंब्याच्या झाडाचे तसे होत नाही. रायवळच्या रोपावर हापूसचे कलम बांधले तर ते शंभर वर्षे फळे देते. प्राण्यांच्या देहात मात्र कलम धरत नाही. असे का, याचे उत्तर १९४० साली कोणापाशीच नव्हते. शल्यविशारदांपैकी बहुतेकांचा समज असा, की कौशल्य वाढले की हेही साधेल.

मेडावर १९४२ च्या सुमारास ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीतील जळित विभागात गेले. तेथे टॉमस गिब्सन हे शल्यविशारद काम करीत होते. गंभीर भाजलेली एक तरुणी तेथे उपचार घेत होती. तिच्या जखमेवर काही ठिकाणी तिची स्वतःची आणि काही ठिकाणी तिच्या भावाची अशा त्वचेच्या छोट्या छोट्या चकत्या बसवण्यात आल्या. ठरावीक दिवसांनी त्यांचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले. तिची स्वतःची त्वचा रुजली. भावाची त्वचा सुरुवातीला रुजली आणि मग नष्ट झाली. येथवर नवे असे काहीच नव्हते. नवे घडले ते पुढे. साधारण पंधरा दिवसांनी भावाच्याच त्वचेच्या चकत्या दुसऱ्यांदा लावल्या, तेव्हा त्या पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर नष्ट झाल्या.

या एका निरीक्षणाचे मोल मेडावरांनी ओळखले. गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा सहसा येत नाही, कारण शरीराने त्याची ओळख ठेवलेली असते. देवीची लस याच तत्त्वावर चालत असे. शरीर दुसऱ्या वेळी अधिक वेगाने त्वचा झिडकारते, याचा अर्थ त्यालाही पहिल्या वेळची आठवण आहे. म्हणजे परक्या अवयवाचा नकार हा शल्यविशारदाच्या हाताचा दोष नव्हे. नुसती दोन देहांची निष्क्रिय विसंगतीही नव्हे. ती शरीराने शिकून केलेली कृती आहे आणि ती रोगप्रतिकारशक्तीचीच आहे. गिब्सन आणि मेडावर यांचा हा निबंध १९४३ साली प्रसिद्ध झाला. पण एका रोग्यावरून सिद्धांत मांडणे मेडावरांना पटणारे नव्हते. ऑक्सफर्डला परतून त्यांनी सशांवर अशी शेकडो रोपणे केली. कोणत्या सशाची त्वचा कोणाला, कितव्या दिवशी, किती मोठी, या सगळ्याच्या नोंदी ठेवल्या. निष्कर्ष तोच निघाला. आज अवयवरोपणाविषयी जे काही वाचाल ते याच निष्कर्षावर उभे आहे.

१९४७ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्याबरोबर रुपर्ट बिलिंगहॅम हा तरुण सहकारी होता. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला आनुवंशशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे पशुपैदाशीवर काम करणाऱ्या ह्यू डोनाल्ड यांनी मेडावरांपुढे एक अडचण मांडली. गाईला जुळी वासरे झाली, तर ती एकाच अंड्यातून झालेली की दोन वेगळ्या अंड्यांतून, हे ओळखायचे कसे? मेडावरांनी तत्काळ उत्तर दिले, की हे सोपे आहे. दोघांची त्वचा एकमेकांना लावा. टिकली तर एका अंड्याची, गळली तर दोन अंड्यांची.

जुळ्यांना आपल्या बोलण्यात आवळे-जावळे म्हणतात आणि कन्नडमध्येही अवळी-जवळी म्हणतात. दोन्ही भाषांत शब्द जवळजवळ एकच आहे. पण आवळी-जावळी वासरे किती जवळची असतात याचा अंदाज मेडावरांना तेव्हा नव्हता. दिलेला शब्द पाळण्यासाठी ते आणि बिलिंगहॅम गोठ्यांतून हिंडले, वासरांवर रोपणे केली आणि चकित झाले. जवळजवळ सगळ्याच जुळ्यांनी एकमेकांची त्वचा स्वीकारली होती. एक खोंड आणि एक कालवड अशी, म्हणजे निःसंशय दोन अंड्यांतून झालेली जुळीसुद्धा त्यात होती. सांगितलेली कसोटी साफ फसली. पण मेडावरांनी ती गोष्ट तेथेच सोडून दिली नाही.

उलगडा त्यांना वाचनातून झाला. अमेरिकेतील रे ओवेन यांनी १९४५ साली दाखवले होते, की गाईच्या पोटातील जुळ्या वासरांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. जन्मानंतरही प्रत्येकाच्या रक्तात दुसऱ्याच्या रक्तपेशी सापडतात. ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी फ्रँक फेनर यांच्यासह १९४९ साली तर्क मांडला, की आपले कोणते आणि परके कोणते हे शरीर जन्मतःच जाणत नाही, ते वाढीच्या अगदी आरंभीच्या काळात शिकते. त्या काळात जे भेटेल ते आपले. हे खरे असेल, तर गाईच्या पोटात निसर्गाने जे केले ते माणसाला मुद्दाम करून पाहता आले पाहिजे.

१९५१ साली मेडावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आले. बिलिंगहॅम बरोबर आलेच आणि लेस्ली ब्रेंट हा संशोधक विद्यार्थीही त्यांना मिळाला. ब्रेंट हा जर्मनीतला ज्यू मुलगा. १९३८ साली नाझी राजवटीतून लहान मुलांना बाहेर काढणाऱ्या पहिल्या तुकडीतून तो इंग्लंडला आला होता. त्याचे आईवडील मागे राहिले आणि मारले गेले. या तिघांनी उंदरांच्या दोन शुद्ध जाती घेतल्या, एक तपकिरी आणि एक पांढरी. तपकिरी उंदरीण गाभण असताना तिच्या पोटातील पिलांना पांढऱ्या उंदराच्या पेशी टोचल्या. पिले जन्मली, वाढली. मग त्यांना पांढऱ्या उंदराची त्वचा लावली. यांतल्या काही उंदरांवर ती टिकली. तपकिरी अंगावर पांढऱ्या केसांचा तुकडा दिमाखात मिरवणारा तो उंदीर शास्त्राच्या इतिहासात अजरामर झाला आहे. दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची होती. हे उंदीर त्या पांढऱ्या जातीचीच त्वचा स्वीकारीत. तिसऱ्या जातीची लावली तर ती नेहमीप्रमाणे झिडकारीत. त्यांची प्रतिकारशक्ती लुळी पडलेली नव्हती. तिने एका परक्याला आपले मानले होते, एवढेच. ३ ऑक्टोबर १९५३ च्या नेचर या साप्ताहिकात हा निबंध छापून आला. याच सुमारास प्राग येथे मिलान हाशेक यांनी कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांच्या रक्तवाहिन्या जोडून असाच अनुभव घेतला होता.

या गुणाला शास्त्रात संपादित सहिष्णुता असे नाव पडले. दोन भाषांचे विभाग एकाच बांधणीत शिवलेल्या आपल्या अंकात हा शब्द लिहिताना मन साहजिकच दुसरीकडे धावते, पण तो मोह आवरतो. उंदराच्या त्वचेवरून समाजाचे नियम काढणे मेडावरांना मुळीच रुचले नसते.

१९६० सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक बर्नेट आणि मेडावर यांना मिळाले. पारितोषिक नियमाने दोघांच्या नावे होते, पण मेडावरांनी आपल्या वाट्याच्या रकमेतून बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांना हिस्सा दिला. काम तिघांचे होते, म्हणून पैसाही तिघांचा, असा त्यांचा साधा हिशेब. संशोधन करवून घेणाऱ्या आम्हा अध्यापकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नोबेलच्या आधीच्या काळातली एक हकीकत मला फार आवडते. ऑक्सफर्डमधील एका व्याख्यानात मेडावरांनी हे उंदीर दाखवले. शेवटी कोणीतरी विचारले, की रोग्यांवर उपचार करताना याचा काही उपयोग आहे का? मेडावरांनी स्पष्ट नकार दिला. जन्मलेल्या माणसाला गर्भात परत नेता येत नाही, हे त्यांच्या दृष्टीने उघड होते. श्रोत्यांत रॉय कान नावाचा एक तरुण शल्यविशारद होता. त्याला ते उत्तर मान्य झाले नाही. शरीराचा नकार एकदा पुसता येतो हे सिद्ध झाले आहे, तर तो औषधाने का आवरता येऊ नये, असे त्याच्या मनाने घेतले. नकार आवरणारी औषधे रोग्यांपर्यंत आणणाऱ्यांत पुढे याच रॉय कान यांचे नाव अग्रभागी राहिले.

१९६२ साली मेडावर मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि पुढच्याच वर्षी या विद्येची सर्वांत अवघड परीक्षा सुरू झाली. ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॅक्सन येथे डॉ. जेम्स हार्डी यांनी माणसावरील पहिले फुप्फुसरोपण केले. नकार रोखण्यासाठी औषधे होती, किरणोपचार होता. रोगी अठराव्या दिवशी दगावला, पण तो मूत्रपिंडाच्या विकाराने. शवविच्छेदनात फुप्फुस झिडकारल्याची खूण आढळली नाही. त्यामुळे आशा वाढली. पुढच्या वीस वर्षांत जगात अशी चाळीसच्या आसपास रोपणे झाली आणि जवळजवळ सगळीच फसली. बेल्जियममधील गेंट येथे १९६८ साली डॉ. फ्रित्स डेरोम यांनी केलेले एकच रोपण दहा महिने टिकले. इतरांचे आयुष्य दिवसांत किंवा आठवड्यांत मोजावे लागले.

मेडावरांच्या स्वतःच्या देहाने त्यांना दगा दिला तो याच काळात. १९६९ च्या सप्टेंबरात एक्झिटर येथे ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन भरले होते आणि मेडावर त्याचे अध्यक्ष होते. तेथील कॅथीड्रलमध्ये वाचन करीत असतानाच त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वय चोपन्न. डावा हात कायमचा निकामी झाला, डाव्या बाजूचे दिसणे गेले, चालणे कष्टाचे झाले. संस्थेचे संचालकपद सोडावे लागले. पण काम त्यांनी सोडले नाही. लंडनजवळच्या दुसऱ्या संशोधन केंद्रात ते जात राहिले, कर्करोग आणि प्रतिकारशक्ती यांचा अभ्यास करीत राहिले. पुस्तके तर त्यांनी आजारानंतर अधिकच लिहिली. नवशिक्या शास्त्रज्ञांना उपदेशपर असे पुस्तक १९७९ चे आणि स्वतःला विचार करणारा मुळा म्हणवून घेणारे मिस्किल आत्मचरित्र १९८६ चे. या सर्व काळात पत्नी जीन यांचा आधार होता आणि काही पुस्तके दोघांनी मिळून लिहिली. पुढे आणखी झटके आले. २ ऑक्टोबर १९८७ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

जाण्यापूर्वी त्यांना एक गोष्ट पाहायला मिळाली. नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन नावाचे औषध निघाले आणि १९७८ साली रॉय कान यांनी ते केंब्रिजमध्ये रोग्यांना दिले. त्याच औषधाच्या बळावर १९८१ साली स्टॅनफर्डमध्ये हृदय आणि फुप्फुसे एकत्र रोवण्यात यश आले आणि १९८३ साली टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांनी केलेले एका फुप्फुसाचे रोपण वर्षानुवर्षे टिकले. आता ही शस्त्रक्रिया जगभर होते, भारतातही होते.

मग प्रश्न सुटला का? विद्यार्थी मला हेच विचारतात. उत्तर असे, की फुप्फुसाच्या बाबतीत तो अर्धाच सुटला आहे. मूत्रपिंड पोटात झाकलेले असते. फुप्फुस मात्र दिवसाला दहा हजार लिटरांहून अधिक हवा आत घेते आणि त्या हवेबरोबर धूळ, धूर, जंतू, बुरशीची बीजे सगळेच येते. रोवलेल्या फुप्फुसाच्या मज्जातंतूंचे धागे तुटलेले असतात, त्यामुळे खोकून घाण बाहेर टाकण्याची सवय मंदावते. श्वासनलिकेचा सांधा जेथे घातला जातो तेथे रक्ताचा पुरवठा अपुरा असतो आणि आरंभीच्या काळात कितीतरी रोगी हा सांधा उकलल्यामुळेच गेले. यांतच नकार रोखणारी औषधे संपूर्ण प्रतिकारशक्तीच दडपतात. औषध कमी पडले तर शरीर फुप्फुस झिडकारते, अधिक झाले तर साधा जंतूही जिवावर बेततो. शिवाय ही औषधे मूत्रपिंडाला बाधतात आणि काही कर्करोगांचा धोका वाढवतात. डॉक्टरांना आणि रोग्याला ही दोरीवरची कसरत जन्मभर करावी लागते.

पहिल्या काही महिन्यांतला तीव्र नकार औषधाने बहुधा आवरता येतो. कठीण आहे तो सावकाश येणारा जुनाट नकार. १९८४ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हृदय-फुप्फुसरोपण झालेल्या रोग्यांत त्याचे वर्णन केले. फुप्फुसातील अगदी बारीक श्वासनलिकांत व्रण धरतात आणि त्या एकामागून एक बुजत जातात. रोग्याला आरंभी काहीच जाणवत नाही. म्हणून त्याने एका सेकंदात किती हवा जोराने बाहेर टाकली हे यंत्रावर नेमाने मोजतात. रोपणानंतरच्या उत्तम आकड्यापेक्षा तो वीस टक्क्यांनी घटला आणि दुसरे कारण सापडले नाही, तर जुनाट नकाराची शंका घेतात. पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या रोग्यांना हा विकार गाठतो. फुप्फुसरोपण झालेल्यांपैकी निम्मे लोक साधारण सहा वर्षांच्या पुढे जगतात. मूत्रपिंड रोवलेल्यांच्या मानाने हा आकडा बराच कमी आहे.

म्हणूनच मेडावरांचा तपकिरी उंदीर आजही जुना झालेला नाही. औषधाने नकार दडपणे वेगळे आणि शरीराला परक्याची ओळख शिकवणे वेगळे. दुसरी वाट मेडावरांनी दाखवली होती आणि तिच्यावर पावले पडत आहेत. २००८ साली बोस्टन आणि स्टॅनफर्ड येथील वैद्यांनी प्रसिद्ध केले, की मूत्रपिंडाबरोबर त्याच दात्याच्या रक्त निर्माण करणाऱ्या पेशी दिल्यावर मोजक्या रोग्यांना नकारविरोधी औषधे पूर्णपणे बंद करता आली. मेडावरांनी जे केवळ गर्भातच शक्य मानले होते, ते मोठ्या माणसात थोडेबहुत घडले. फुप्फुसाच्या बाबतीत मात्र हे अजून नित्याच्या उपचारात आलेले नाही. ती वाट रिकामी आहे आणि तिच्यावर चालायला वैद्यकाची पदवी असलीच पाहिजे असे नाही.

विद्यार्थी मित्रहो, मेडावरांपाशी वेगळे काय होते याचा मी पुष्कळदा विचार करतो. बुद्धी होतीच. पण भाजलेल्या माणसाची त्वचा गळली की तेथल्या प्रत्येकाला हळहळ वाटत होती, आणि मेडावरांनी ती कितव्या दिवशी गळली हे मोजले. पहिल्या खेपेचा आकडा दुसऱ्या खेपेच्या आकड्याशेजारी लिहून ठेवला. नशीब म्हणून सोडून दिलेली गोष्ट त्या दोन आकड्यांमुळे शास्त्राच्या कक्षेत आली. पुढे वासरांची कसोटी फसली तेव्हाही त्यांनी ती लपवली नाही, तिच्या मागे लागले.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला कोंबडीच्या भ्रूणाची काचपट्टी तुमच्या हाती येते. बहुतेक जण आकृती काढतात, नावे लिहितात, सही घेतात आणि मोकळे होतात. यंदा ती पट्टी थोडी अधिक वेळ पाहा. त्या भ्रूणाभोवती पसरलेल्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसेल. आपले कोणते आणि परके कोणते हे त्याने अजून शिकायचे आहे. ते तो कसे शिकतो, हे आजही पुरते कोणाला सांगता आलेले नाही.